झाडाखालचं टेबल आणि फॉर्म एक

नमस्कार श्रोतेहो.

आज लायसन्सबद्दल बोलू. लर्निंग, पक्कं, टेस्टला काढायचा आठचा आकडा, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. मी बोलणार आहे त्यातल्या एकाच कागदाबद्दल. त्याचं नाव फॉर्म एक. आपली तब्येत आपणच लिहून द्यायची, असा तो कागद.

गेल्या वर्षी माझा भाचा लर्निंग काढायला गेला. आरटीओबाहेर झाडाखाली एक टेबल, कागद उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेला जुना स्पार्क प्लग, आणि मागे एजंट. तो एका दमात वाचत होता. "फिट येते? नाही. चक्कर? नाही. रातांधळेपणा? नाही. ऐकू येतं ना? येतं." उत्तरंही तोच लिहीत होता. (हॉर्न ऐकू येतो का, हे आपल्याकडे कशाला विचारायचं? विनाकारण वाजवता का, ते विचारा. असो.) शेवटचा प्रश्न आला, आणखी काही आजार? आमचं पोरगं सरळ. म्हणालं, "डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. आठ महिने झाले."

पेन थांबलं. एजंट शेजारच्या टेबलाकडे वळून ओरडला, "अरे, ह्यांच्या डोक्याच्या गोळ्या चालू आहेत, चालतं का रे?"

रांगेतली सगळी डोकी वळली. एका बाईंनी मांडीवरची पर्स उचलून दुसऱ्या बाजूला घेतली. शेजारचा म्हणाला, "लिहू नका हो, कशाला?" तिसरा म्हणाला, "डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल. पाचशे द्या, मी आणतो." न तपासता, बरं का! भाच्याने फॉर्मची चौघडी केली, खिशात घातली आणि घरी आला. रात्री मला म्हणतो, "आत्या, मी गोळ्याच बंद करतो."

दुसऱ्या दिवशी मी त्याला त्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "विचारलंय काय, ते मोठ्याने वाच." त्याने वाचलं. तुमचं गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल, असा दुसरा काही आजार किंवा अपंगत्व आहे का?

"सकाळी गुंगी असते?"

"आता नाही."

"डोस बदललाय?"

"नाही."

"मग आज तुझं उत्तर 'नाही'. पहिल्या पंधरवड्यात मी काय सांगितलं होतं?"

"स्कूटरला हात लावायचा नाही."

"तेव्हा फॉर्म भरला असतास, तर उत्तर वेगळं असतं."

श्रोतेहो, हे पुन्हा सांगते. तो शेवटचा प्रश्न धोक्याबद्दलचा आहे. तुम्ही कुठल्या डॉक्टरकडे जाता, कुठली गोळी घेता, हे त्यात नाही. धोका आहे का, एवढंच. आणि ते ठरवायला आपला डॉक्टर, झाडाखालचं टेबल नाही.

आता उलट बाजू. फिट येते किंवा अचानक शुद्ध हरपते का, हे फॉर्म नाव घेऊन विचारतो. ते लपवू नका. गोळीने झोप येत असेल तर गाडी घरी ठेवा. रस्त्यावर दुसऱ्यांचीही पोरं असतात.

कायदा थोडक्यात सांगते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 23 म्हणतं, पेशंटची माहिती गुप्त ठेवायची. कोर्टाचा हुकूम, कुणाच्या जिवाला धोका, असे मोजके अपवाद आहेत. त्यांत एजंट कुठेच नाही. त्याच कायद्यात असंही आहे, की मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून माणूस वेडा ठरत नाही. चाळिशी उलटली किंवा रिक्षा-ट्रकचं लायसन्स असलं, की फॉर्म एक-अ लागतो, तो डॉक्टर भरतो. तिथेही खरोखर तपासणारा डॉक्टर गाठा. नुसता शिक्का मारणारे पुष्कळ, आणि तेच लोक मग अपघातांवर हळहळतात.

बाकी अर्ज आता ऑनलाइन आहे. फॉर्म एक घरी बसून भरता येतो. भाच्याने तसाच भरला, त्याला लर्निंग मिळालं. गोळ्या चालूच आहेत.

महिन्याभराने तो पक्क्या लायसन्सच्या टेस्टला गेला. झाडाखालून हाक आली, "काय साहेब, झालं का गोळ्यांचं?" पोराचं नाव काही एजंटला आठवत नव्हतं.

त्या दिवशी आठ काढताना पोराचा पाय दोनदा टेकला. टेस्ट पुन्हा द्यावी लागली. दुसऱ्या वेळी मी बरोबर गेले, आणि आम्ही मागच्या गेटने आत शिरलो.