लेन्स चांगलीच आहे, हवा खराब आहे

(भुसावळला पक्षी-फोटोग्राफी शिकणाऱ्या मित्रमंडळींसमोर केलेलं बोलणं, थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी. मागे पंखा फार आवाज करतोय, पण बंद करा म्हणणार नाही, मे महिना आहे, लोकं उठून जातील.

तर सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. १५०-६०० एमएमची, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स घेतली तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत माझा पक्का समज झाला होता की मला डिफेक्टिव्ह पीस मिळालाय. धुळ्याकडे एका नांगरलेल्या शेतापलीकडे तारेवर रोज एक चास बसायचा, नीलकंठ म्हणतो आपण त्याला, आणि मी साडेअकराला ऑफिसच्या कामाने तिकडून जायचो, गाडी थांबवून फोटो काढायचो आणि घरी येऊन स्क्रीनवर बघतो तर चास नुसता निळा डाग, जसं काही पाण्यातून बघतोय. लेन्स सर्व्हिस सेंटरला पाठवली, त्यांनी ओके म्हणून परत केली, परत पाठवली, परत ओके, मी काउंटरवरच्या पोराशी भांडलो सुद्धा. मग चिडून घरातच भिंतीवर पेपरचं पान चिकटवलं, ट्रायपॉड लावला, टायमर लावून फोटो काढला, तर छोट्या जाहिरातींमधले फोन नंबर सुद्धा वाचता येत होते. म्हणजे लेन्स ठणठणीत! मग एका रविवारी सकाळी सात वाजता त्याच शेतावर गेलो, तोच चास, तीच तार, सेटिंग पण तेच, आणि मानेवरची एकेक रेघ मोजून घ्या.

फरक फक्त हवेचा होता. काळी जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून वर उठते, वरची थंड हवा खाली येते, आणि गरम-थंड हवेतून उजेड वेगवेगळा वाकतो. मृगजळ दिसतं ना रस्त्यावर, तेच. डोळ्याला ते फार जाणवत नाही, पण ६०० एमएमची लेन्स पक्षी जेवढा मोठा करते तेवढाच हा थरथराट पण मोठा करते. आणि याला औषध नाही बरं का. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, हवा नाही सांभाळत. शटर स्पीड १/४०००, म्हणजे सेकंदाचा चार हजारावा भाग, केला तर काय होईल, वाकडी झालेली इमेज वाकडीच गोठेल. ऑटोफोकस सुद्धा गोंधळतो, पुढे-मागे करत बसतो. आणि आपल्याकडे तर मेमध्ये ४५ च्या वर पारा जातो, आपण हे पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा दुप्पट भोगतो, पण यूट्यूबवर शिकवणारे बरेचसे थंड देशातले असतात त्यामुळे यावर कमीच ऐकायला मिळतं.

मग करायचं काय? उन्हाळ्यात साडेसहाला सुरू आणि नऊला दुकान बंद. हिवाळ्यात अजून दोन तास मिळतात. डांबरी रस्त्याच्या वरून, पत्र्याच्या वरून, नांगरटीच्या वरून शूट करू नका, त्यापेक्षा झाडाच्या सावलीतून हिरव्या पिकाच्या बाजूने बघा. गाडीतून काढत असाल तर इंजिन बंद, आणि बॉनेटच्या वरून लेन्स धरायची नाही, ते तव्यासारखं असतं. एसी चालू ठेवून काच खाली केली तर लेन्सच्या तोंडाशीच थंड-गरम हवा घुसळते, मी स्वतः वर्षभर हेच करत होतो. कडक उन्हात कधी कधी हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची नळी, काढून बघा, त्याच्या आत पण गरम हवा अडकते. आणि हिवाळ्यात पाण्यावर वाटतं की इथे तरी त्रास नसेल, पण पहाटे पाणी हवेपेक्षा गरम असतं, तिथेही थोडं हलतंच.

पण सगळ्यात मोठा उपाय अंतर. हतनूर धरणावर जानेवारीत चांगदेवच्या बाजूला बॅकवॉटरवर जा, पट्टकदंब हंस दीडशे मीटरवर बसलेले असतात आणि आपण काठावरून धडाधड तीनशे फोटो काढतो आणि म्हणतो नंतर क्रॉप करू. दीडशे मीटर हवा आहे मधे! क्रॉपने पक्षी मोठा होतो, पिसं नाही येत. त्यापेक्षा जवळच्या चिखलात शेकाट्या फिरतोय, धोबी शेपटी हलवतोय, त्यांच्यासाठी पोटावर झोपा. वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी येतील असं बसा, कारण पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात, म्हणजे ते तुमच्याकडेच तोंड करतील, आणि तोंडावर उजेड. जवळ जायचं म्हणजे पाठलाग नाही करायचा. वेडा राघू माशी पकडून परत त्याच काडीवर येतो, तर काडीसमोर बसून राहा, तो येईल. आणि घरट्याजवळ मात्र नाही म्हणजे नाही, तिथे शार्प फोटो आला तरी कोणाला दाखवू नका.

आता नाडी परीक्षा. खराब फोटो डिलीट करायच्या आधी झूम करून बघा, तो सांगतो काय बिघडलं. फांदी शार्प आणि पक्षी पुसट, तर पक्षी हलला, शटर स्पीड वाढवा. सगळंच एका बाजूला ओढल्यासारखं, तर हात हलला. पक्षी पुसट पण मागचं गवत एकदम कुरकुरीत, तर फोकस मागे गेला. आणि फांदीच्या कडा मेणासारख्या वितळल्यात, दहा फोटोंत दहा वेगवेगळे आकार, तर हवा. पहिल्या तिन्ही गोष्टी तुमच्या हातात आहेत, चौथीला घरी जा आणि चहा प्या.

शटर स्पीडचं पटकन सांगतो. बसलेल्या पक्ष्याला सुद्धा १/१००० लावा, कारण छोटे पक्षी मान झटक्याने फिरवतात, आपल्याला वाटतं शांत बसलाय. उडणाऱ्याला १/२००० च्या खाली नको, वेड्या राघूसारख्या चपळाला १/३२००. कापशी घार एका जागी पंख फडफडत थांबते तिथे १/१६०० वर पण जमतं. मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदना, वाढतो आणि लोकं घाबरतात. अहो वाढू द्या! नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, नंतर कमी करता येतो, हललेला फोटो सॉफ्टवेअरने क्वचितच नीट सरळ होतो. ऑटो आयएसओ लावा, वरची मर्यादा ६४०० ठेवा, सुटला विषय. फक्त बगळ्याला एक्स्पोजर थोडं कमी करा, पांढरं जळलं की पिसांच्या रेघा गेल्या आणि मग तोही फोटो अनशार्प वाटतो.

फोकसबद्दल एकच आकडा लक्षात ठेवा. क्रॉप सेन्सर म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, ६०० एमएम, एफ ६.३ (लेन्सचं छिद्र किती उघडं त्याचा आकडा, आकडा वाढला की छिद्र लहान), पक्षी १० मीटरवर, तर फोकसमधे जे येतं त्याची जाडी साधारण ७ सेंमी. ५ मीटरवर तीच २ सेंमी पण राहत नाही. वेड्या राघूने चोच आपल्याकडे केली तर चोचीचं टोक की डोळा, एकच मिळेल. डोळा घ्या. डोळा शार्प आणि शेपटी गेली तर कोणी काही म्हणत नाही, उलटं झालं तर सगळे म्हणतात. जमलं तर एफ ८ करा, आणि अशा बऱ्याच झूम लेन्स शेवटच्या टोकाला जरा मऊ होतात म्हणून ५५०-५६० वर काढून बघा, मला फरक दिसला.

आधाराबद्दल. मी जुन्या जीन्सचा पाय कापून शिवून घेतला आणि त्यात दोन किलो दादर, म्हणजे आपली रब्बी ज्वारी, भरली. आई म्हणाली, दादर काय आते गाडीले खावाडी ऱ्हायना का रे? पण खिडकीवर ती पिशवी टाकून लेन्स ठेवली की ट्रायपॉडची गरज नाही. पावसाळ्यानंतर तिला किडे लागले आणि गाडीभर सोंडे फिरत होते, तेव्हा नीट वाळवून भरा. हातात धरत असाल तर डावा हात लेन्सच्या खाली, जमेल तितका पुढे, कोपरं पोटाला टेकलेली, बटण अर्धं दाबून क्षणभर थांबा, म्हणजे स्टॅबिलायझेशन बसतं, मग तीन-चार फोटोंचा सलग बर्स्ट. शंभर फोटोंचा नाही, घरी जाऊन बायको विचारते अजून किती वेळ. आणि तीनशे रुपयांचा फिल्टर लेन्सच्या तोंडावर लावलाय तो आजच काढा.

मागच्या बाकावरून एकांनी विचारलं की एवढं शार्प-शार्प कशाला, पक्षी ओळखू आला म्हणजे झालं ना. बरोबर आहे, पण ओळखू येण्यासाठीच लागतं कधी कधी. आपल्या खान्देशचाच रानपिंगळा घ्या, घुबडाच्या जातीतला छोटा पक्षी. १८७३ मधे ह्यूम या पक्षीअभ्यासकाने त्याचं वर्णन केलं, १८८४ नंतर तो मिळालाच नाही, मधे १९१४ चा म्हणून एक नमुना दाखवला जायचा तो पण बनावट निघाला, आणि मग २५ नोव्हेंबर १९९७ ला पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबॉट या पक्षीअभ्यासकांना तो शहाद्याजवळ परत सापडला. ११३ वर्षांनी! आणि तो दिवसा वावरणारा पक्षी आहे, म्हणजे लपलेला नव्हता, पण साधा ठिपकेवाला पिंगळा पण तसाच दिसतो ना. साध्याच्या डोक्यावर ठिपके असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर जवळपास नाहीत, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पोट पांढरं. आता सांगा, दुपारी बारा वाजता सातपुड्याच्या पायथ्याशी ऐंशी मीटरवरून काढलेल्या फोटोत डोक्यावर ठिपके आहेत की नाहीत हे कसं कळणार? हवेनेच ठिपके पुसले असतील तर? मला असे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, दादा बघा रानपिंगळा, आणि मी काहीच बोलू शकत नाही, ना हो ना नाही. आणि सापडलाच तर जागा ग्रुपवर टाकू नका, आवाज लावून बोलवू पण नका.

शेवटचा प्रश्न १.४ कन्व्हर्टरचा, म्हणजे लेन्सची पोच १.४ पट वाढवणाऱ्या जोड-लेन्सचा होता. एफ ६.३ चं एफ ९ होतं, एक स्टॉप म्हणजे अर्धा उजेड गेला, ऑटोफोकस हळू झाला, आणि जी हवा आधीच हलत होती ती अजून मोठी झाली. तेवढ्या पैशांचं पेट्रोल टाका, हतनूरच्या बऱ्याच चकरा होतात.