टॉवरमधली गुढी आणि निसटणारा तांब्या

नमस्कार मंडळी! पाडवा आठ दिवसांवर आला की माझ्या कमेंटमध्ये एकच रांग लागते. "ताई, सोसायटी बाहेर काही लावू देत नाही. गुढी घरात उभारली तर चालते का?" गेल्या वर्षी एकेकाला उत्तरं देऊन बोटं दुखली. यंदा हा व्हिडिओ.

चालते. गुढीपुढे म्हणतो तो श्लोक आठवा: "ब्रह्मध्वज नमस्तेऽस्तु सर्वाभीष्टफलप्रद, प्राप्तेऽस्मिन् वत्सरे नित्यं मद्गृहे मंगलं कुरु." मद्गृहे! माझ्या घरात. ग्रिलच्या बाहेर असं कुठे म्हटलंय? हा मी माझ्या सोयीचा अर्थ लावलाय, मला कल्पना आहे. संस्कृतवाल्यांनी खाली भांडू नये.

बाकीचं तुम्हाला पाठच आहे. यंदा 19 मार्चला पाडवा, शके 1948 सुरू. सनातून 78 वजा करा, झालं. काठी, साडी नाहीतर खण, कडुलिंबाची डहाळी, आंब्याची पानं, हार, साखरेची गाठी, खाली पाट-रांगोळी. ठाण्यात जांभळी नाक्याला एका फेरीत सगळं मिळतं. आदल्या संध्याकाळी मात्र जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते.

काठीवरून आठवलं. नौपाड्यात आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. आई गॅलरीच्या कठड्याला आठ फुटी कळक बांधायची. घोडबंदर रोडला अकराव्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा पहिल्या पाडव्याला मी हट्टाने तसाच कळक आणला. लिफ्टमध्ये बसेना. नवऱ्याने जिन्याने चढवला, प्रत्येक वळणावर भिंतीचा रंग खरवडत. पुढच्या वर्षी मी पाच फुटी काठी आणली, तर आई दोन दिवस फोनवर बोलली नाही. मग स्वतः आली, गुढीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बुटकी आहे. पण ताठ आहे." तेव्हापासून आमच्याकडे पाच फूट.

आता तांब्या. मला खरं म्हणजे आज एवढंच सांगायचंय.

त्या आठ फुटीच्या वर्षी गुढी बाल्कनीबाहेर होती. सकाळी सातला पानही हलत नव्हतं. दुपारी वारा सुटला, साडी शिडासारखी फुगली, काठी दोनदा डुलली आणि तांब्या गेला. सासूबाईंचा, पितळी, पाऊण किलोचा. खाली पोडियमवर फुलझाडांच्या मातीत रुतला. भर उन्हाचं कोणी नव्हतं म्हणून निभावलं. माझ्या भाच्याने नंतर हिशोब मांडला: 33 मीटर उंची, अडीच सेकंदांत खाली, वेग ताशी 90 किलोमीटरच्या आसपास. आमच्या सोसायटीत बाहेर काही न लावण्याचा नियम कोणामुळे आला, हे मी इथे सांगणार नाही.

चूक कुठे झाली? तांब्याचं तोंड रुंद, काठीचं टोक बारीक. नुसता पालथा घातला की तो टोपीसारखा बसतो, आणि टोपी उडते. म्हणून आधी साडीच्या निऱ्या करायच्या, टोकाशी सुतळीने आवळायच्या, वर चार बोटं कापड मोकळं ठेवायचं. त्या कापडाचा बोळा तांब्यात दाबून भरायचा. सैल वाटलं तर जुना रुमाल कोंबा, आत कोण बघतंय!

दुसरं, आणि हेच सगळे विसरतात: तांब्याचा गळा. हा बघा, काठाच्या मागे अरुंद होतो ना? इथे सुतळीचा फास टाका आणि दोन्ही टोकं खाली काठीला घट्ट बांधा. हार-गाठी त्यावरून सोडली की सुतळी दिसत नाही.

[गुढी आडवी धरून, मग उलटी करून हलवते]

बघा. पडला? ही सासूबाईंची परीक्षा. गुढी उभी करण्याआधी उलटी धरून हलवायची. घरात पडला तर फक्त फरशी फुटते.

आणि कृपा करून डबल टेप लावू नका! "ताई, मी ग्लू गनने चिकटवला," अशी एक कमेंट आहे. अहो, उन्हात तापलेल्या पितळेवर तो गोंद मऊ होतो. शिवाय संध्याकाळी तांब्या काठीवरून निघणार कसा? घरातली गुढी आहे, वारा कुठून येणार, असंही काही जण म्हणतात. बाल्कनीची काच उघडून मुख्य दार उघडा, मग कळेल. आणि वर पंखा आहेच.

रेडिमेड वीतभर गुढीबद्दल विचारता. ठेवा की, टीव्हीशेजारी छान दिसते. मला तीत मजा वाटत नाही, कारण बांधायला काही उरतच नाही. आमच्याकडे निऱ्या मुलगी करते, सुतळी नवरा आवळतो, मी ओरडते.

कडुलिंबाची चटणी मागच्या वर्षीच्या व्हिडिओत आहे: कोवळा पाला, गूळ, चिंच, ओवा, मीठ, हिंग. परत विचारू नका.

सूर्यास्ताआधी हळद-कुंकू वाहून गुढी उतरवायची. गाठी लगेच डब्यात टाका, रात्रभर टांगून ठेवलीत तर सकाळी मुंग्यांची स्वागतयात्रा काठीवरून निघालेली असते. आणि तांब्यातला रुमाल काढायला विसरू नका. आमचा एकदा रामनवमीला सापडला.