मंगळाची धूळ, उष्णतेच्या नजरेतून

१४ नोव्हेंबर १९७१. मरिनर ९ मंगळाच्या कक्षेत शिरलं. दुसऱ्या ग्रहाभोवती फिरू लागलेलं हे पहिलंच यान. पण कॅमेऱ्यांना जमीन दिसेना. अख्ख्या ग्रहावर धुळीचं वादळ पसरलेलं, आणि त्यातून चार प्रचंड ज्वालामुखींची शिखरं तेवढी वर डोकावत होती. नकाशाचं काम पुढे ढकलावं लागलं.

यानावरच्या इन्फ्रारेड वर्णपटमापकाला मात्र ही धूळ म्हणजे पर्वणीच होती. तो मंगळावरून बाहेर पडणारी उष्णता मोजत होता.

कोणत्या तरंगलांबीला किती उष्णता आली, हे दाखवणारी पडद्यावरची ही रेघ नीट बघा. ९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास ती खाली बसली आहे. तापलेल्या जमिनीची उष्णता वर येताना धुळीतल्या सिलिकेटच्या, म्हणजे खडकांतल्या खनिजाच्या, कणांनी इथे अडवली. हवेत धूळ जितकी दाट, तितका हा खळगा खोल. शेजारचा, १५ मायक्रॉनजवळचा खळगा कार्बन डायऑक्साइडचा. त्याच्या आकारावरून वेगवेगळ्या उंचीवरच्या हवेचं तापमान काढता येतं.

हे दोन खळगे एकत्र वाचले, की धुळीची खरी ताकद कळते. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्काही नाही. इतक्या विरळ हवेत तरंगणारे मायक्रॉनभर आकाराचे कण ऊन शोषतात आणि भोवतालची हवा तापवतात. खालची जमीन दिवसा नेहमीपेक्षा थंड राहते, रात्री मात्र तितकी गार होत नाही. तापमानातल्या फरकाने वारे जोर धरतात, आणि वारे आणखी धूळ उचलतात. म्हणूनच मंगळाच्या हवामानाचा विचार धुळीपासूनच सुरू करायला हवा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

२००६ पासून मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकनिसन्स ऑर्बिटर या यानावरचं मार्स क्लायमेट साउंडर हे उपकरण ग्रहाच्या कडेकडे आडवं बघतं आणि हवेचा एकेक थर वेगळा मोजतं. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. धूळ जमिनीलगत सर्वांत दाट असणार, असंच कुणालाही वाटेल. पण विषुववृत्ताच्या पट्ट्यात ती कित्येकदा १५ ते २५ किलोमीटर उंचीवर दाट सापडली!

२०१८च्या जागतिक वादळात सूर्यप्रकाशाअभावी मंगळावर फिरणारा, उन्हावर चालणारा ऑपॉर्च्युनिटी रोव्हर कायमचा बंद पडला. वरून इन्फ्रारेड मोजणी मात्र दिवसरात्र चालू होती, कारण तिला उन्हाची गरजच नसते. अशा वादळात तापलेली हवा फुगते आणि वरच्या थरांतली घनता बदलते. मंगळावर उतरणाऱ्या यानाचा वेग हीच हवा कमी करते. त्यामुळे यान उतरवण्याआधी तिथल्या धुळीचा ताजा अंदाज हाताशी लागतोच.