रापलेल्या रंगाची ओढ

मंडळी, आपण राहतो त्या ऑस्ट्रेलियात सत्तरी गाठेपर्यंत दर तिघांपैकी साधारण दोघांना कधी ना कधी त्वचेच्या कर्करोगाचं निदान होतं. शाळेतली पोरंही हे जाणतात; टोपी नसेल तर त्यांना मैदानात सोडतच नाहीत. तरी डिसेंबर उजाडला की बाँडायपासून सेंट किल्डापर्यंत समुद्रकिनाऱ्यांवर माणसं वाळूत पालथी पडलेली असतात, अंगाला रंग चढावा म्हणून. त्यांना अडाणी ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. ही ओढ लावण्यात आम्हा डॉक्टरांचाच मोठा वाटा आहे.

१९०३ साली नील्स फिन्सेन यांना नोबेल मिळालं, ते त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये लेझाँ या डोंगरातल्या गावी डॉ. ओग्यूस्त रोलिए यांनी हाडांच्या क्षयासाठी ऊन-उपचार सुरू केले. पहिल्या दिवशी फक्त पावलं उन्हात, तीही पाच-पाच मिनिटं. मग पोटऱ्या, मग मांड्या, असं रोज थोडं वर सरकत जायचं. शेवटी लंगोट लावलेली मुलं बर्फाळ डोंगरासमोर गच्चीवर तासन्‌तास पहुडलेली असत. जो रुग्ण चांगला रापतो तो चांगला बरा होतो, असं रोलिए मानत. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. आईबापांना रापलेलं मूल म्हणजे वाचलेलं मूल वाटलं, तर त्यांचं काय चुकलं?

त्याआधी युरोपातही गोरेपणच मिरवत. उन्हात राबणारा कुळवाडी काळा, सावलीत बसणारा सरदार गोरा. पुढे राबणारा माणूस कारखान्यात आणि खाणीत गेला, फिकुटला. मग रापलेलं अंग ही सवड असल्याची खूण झाली. १९२० च्या दशकात पॅरिसची फॅशनकार कोको शनेल हिने फ्रान्सच्या रिव्हिएरा किनाऱ्यावर या रापलेपणाची फॅशन केली. १९३६ मध्ये फ्रान्सच्या कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, तेव्हा तेही समुद्राकडे निघाले. मला यात उथळपणा दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जे वाट्याला आलं नाही ते अंगावर घेऊन घरी जावंसं वाटणारच.

शरीराचीही साथ असते. अतिनील किरणांनी पेशीतला डीएनए बिघडतो, तेव्हा पी-५३ नावाचं प्रथिन जागं होतं. त्यातून निघालेल्या निरोपामुळे मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्य तयार होतं आणि ते पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखं बसतं. म्हणजे गोरा माणूस रापलेला दिसतो तेव्हा इजा होऊन गेलेली असते. पण ज्या मूळ रेणूतून हा निरोप निघतो, त्याच रेणूतून एंडॉर्फिनही सुटतं, शरीराची स्वतःची अफू. २०१४ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी काही आठवडे अतिनील किरण दिलेल्या उंदरांना अफूचा असर तोडणारं औषध दिलं. नशा तुटलेल्या व्यसनी माणसासारखे उंदरांचे पंजे थरथरू लागले, दात वाजू लागले. माणसाचंही तंतोतंत असंच होतं असं मी म्हणणार नाही. पण ‘उन्हात पडलं की बरं वाटतं’ हे निव्वळ मनाचे खेळ नाहीत.

याचा धंदा झाला तो टॅनिंगच्या, म्हणजे अतिनील किरणांनी अंग रापवणाऱ्या दिव्यांमुळे. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हे दिवे तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या गटात टाकले. तिशीच्या आत ते वापरायला लागलेल्यांमध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या जीवघेण्या कर्करोगाचा धोका ७५ टक्क्यांनी वाढलेला दिसला होता. मेलबर्नच्या क्लेअर ऑलिव्हरने मेलॅनोमाशी झुंजत असताना सोलेरियमविरुद्ध, म्हणजे या दिव्यांच्या दुकानांविरुद्ध आवाज उठवला. २००७ मध्ये, अवघ्या २६ व्या वर्षी ती गेली. २०१५ उजाडता उजाडता बहुतेक राज्यांत ही दुकानं बंद झाली. सतरा वर्षांच्या मुलीला पन्नाशीतल्या कर्करोगाचं भय घालून फारसं काही साधत नाही. दुकानच बंद केलेलं बरं, असं माझं ठाम मत आहे.

आता आपल्या घरांतलं बोलते. आपल्या मुली शाळेत रापलेल्या रंगाचं कौतुक ऐकतात आणि घरी आजीकडून ‘काळवंडलीस गं’ हे ऐकतात. दोन्हीकडे मोजला जातो तो रंगच. आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनोमा गोऱ्यांच्या मानाने फारच कमी होतो, आणि ड जीवनसत्त्वासाठी आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त ऊन लागतं. रंग उतरेल म्हणून मुलीला घरात कोंडलीत, तर तिची हाडं त्याची किंमत मोजतील. खेळू द्या तिला बाहेर. मेलबर्नच्या भर उन्हाळ्यात दुपारी टोपी आणि गॉगल जरूर द्या. मात्र कारण सांगाल ते डोळ्यांचं सांगा, मोतीबिंदूचं सांगा, रंगाचं नको.