पंप उघडता आला पाहिजे

मागची मंडळी, पुढं या. पंखे सगळे पुढंच आहेत, आणि मे महिन्यातल्या जळगावात मागं बसून व्याख्यान ऐकायची शिक्षा कुणालाच नको.

विषय असा आहे, की कारखान्यांतल्या डिझाइन टीम पुढच्या बदलांना किती तयार आहेत. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. आपला विकलेला माल कुठं मोडतो हे ज्या टीमला ठाऊक आहे, ती तयार आहे. बाकीच्यांच्या कॉम्प्युटरवर कितीही भारी सॉफ्टवेअर असो, मी त्यांना तयार म्हणणार नाही. कायदे, कच्चा माल, एआय, सगळ्यांबद्दल बोलायचं आहे. पण त्याआधी पाठीवरच्या फवारणी पंपाबद्दल.

या सभागृहात सोळा लिटरचा पंप भरून पाठीवर घेतलेले किती जण आहेत? हात वर करा. वा, निम्मं सभागृह आहे. आता हात वरच ठेवा आणि सांगा, यातले पंप बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनला कोण आहे? बघा, दोनच हात राहिले. त्या दोघांनी चहाच्या वेळी मला भेटा, तुमचा सत्कार मी करतो.

सोळा लिटर म्हणजे सोळा किलो नुसतं पाणी, पंपाचं वजन वेगळं. ऑगस्टमध्ये कपाशी कमरेच्या वर गेलेली, पायाला काळ्या मातीचा लगदा, पट्टा खांद्यात रुतलेला, आणि झाकणातून ओघळलेलं औषध पाठीवरून खाली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. त्याची कारणं अनेक होती, औषधांची मिश्रणं होती, वाढलेली कपाशी होती. पण झाकण गळतं का, पट्टा कुठं रुततो, हे प्रश्न डिझाइनवाल्यांचे आहेत आणि ते कुणा दुसऱ्यावर ढकलता येणार नाहीत.

मी पूर्वी एका कंपनीत होतो. नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही. आमच्या बॅटरी पंपाचा खालचा कप्पा कायमचा बंद असायचा. स्क्रू नव्हतेच, दोन्ही भाग अल्ट्रासॉनिक वेल्डिंगनं एकजीव केलेले. मीटिंगमध्ये कारणं दिली गेली होती : स्क्रू दिसले की माल स्वस्तातला वाटतो, फटीतून पाणी जातं, जोडणीला वेळ लागतो. कागदावर तिन्ही कारणं बरोबर. पण आत बारा-आठची, म्हणजे बारा व्होल्ट, आठ अँपिअर-अवरची, शिशाची बॅटरी होती. ती काही हंगामांत बसणारच. आणि फवारणी संपल्यावर पंप चार्ज न करता कोपऱ्यात पडून राहिला तर लवकर बसणार, कारण उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं. म्हणजे जो भाग हमखास बदलावा लागणार, तोच आम्ही कायमचा बंद केला होता!

त्या हंगामात मी अमळनेरच्या बाजारात एका मोटर वाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसलो. दुकानासमोर पंपांची रांग, त्यात आमचेही. कारागीर त्यांतला एक उघडत होता. म्हणजे कापत होता. लोखंड कापायचं एक्सा ब्लेड तापवून त्यानं कप्प्याला मागून चौकोनी खिडकी पाडली. कापलेला तुकडा टाकला नाही. त्याच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली, वर-खाली एकेक स्क्रू मारला, झालं झाकण. पाणी टाकून बघितलं, आत थेंब गेला नाही. नवी बॅटरी बसवताना त्यानं बाजूला बोटभर जागा सोडली आणि तिथं थर्माकोल कोंबला. मी विचारलं, ही जागा कशाला? तर म्हणाला, "दरसाल बॅटरी न्यारीच येस भो. कंपनी बदलनी का माप बदलस."

मी फोटो काढले, ऑफिसात नेले, टीमसमोर ठेवले. वरिष्ठांनी दोन फोटो बघितले आणि म्हणाले, "हा जुगाड आहे, हे डिझाइन नाही." पुढचं कुणी बघितलंच नाही. मीटिंग पंपाच्या रंगाकडं वळली. हिरवा कोणता घ्यायचा यावर दुपार गेली.

आणि मग पुरवठादारानं बॅटरी बदलली. नवी चार मिलिमीटर उंच. बसेना. इथं टूलरूमवाले, म्हणजे साचे बनवणारे, बसलेत, त्यांना पुढचं सांगायला नको, पण विद्यार्थ्यांसाठी सांगतो. साच्यातलं लोखंड कापलं की तिथं प्लॅस्टिक वाढतं, ते सोपं. कप्पा आतून मोठा करायचा म्हणजे उलटं : साच्यात लोखंड भरायचं, वेल्डिंग करायचं, पुन्हा घासायचं, पॉलिश करायचं. एवढं होईपर्यंत फवारणी संपली. अमळनेरच्या त्या दुकानात मात्र तीच नवी बॅटरी आमच्याच जुन्या पंपात आरामात बसत होती. पुढच्या बदलाची तयारी त्या माणसानं केली होती. आमच्या टीमनं केली नव्हती, आणि फोटो समोर असताना केली नव्हती. मला त्याचा राग अजून येतो.

थोडं विषयांतर करतो. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझाइनर जोडपं भारत फिरलं आणि सरकारला अहवाल दिला. त्यानंतर १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात सगळ्यात जास्त कौतुक कशाचं? आपल्या तांब्याचं. आणि ते कौतुक करताना प्रश्न विचारलेत : पाणी किती मावतं, उचलायचं कसं, ओतताना धार कशी पडते, आणि धातू शेवटी मोडीत गेला तर त्याचं मोल काय. आपल्या आज्या भांडं घेताना मोडीचा भाव विचारूनच घ्यायच्या. वस्तूच्या शेवटापर्यंतचा विचार इतका घरातला होता. तो कारखान्याच्या दारातून आत गेला की कुठं हरवतो?

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. मग जे सांगायला बोलावलंय ते आता भराभर.

कायदे. युरोपनं २०२३ मध्ये बॅटरीचा कायदा केला. हातात वागवायच्या वस्तूंमधली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे, ही त्यातली अट फेब्रुवारी २०२७ पासून लागते. आपल्याकडं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि पहिल्या काही क्षेत्रांत मोबाइल, गाड्यांबरोबर शेतीची अवजारंही घेतली. ही दिशा आहे. ज्याचा कप्पा आज स्क्रूनं उघडतो, त्याला उद्या घाई करावी लागणार नाही.

कच्चा माल. २०२२ च्या प्लॅस्टिक नियमांनी कडक प्लॅस्टिकच्या पॅकेजिंगमध्ये रिसायकल केलेलं प्लॅस्टिक घालायचं लक्ष्य लिहून टाकलं : २०२५-२६ ला तीस टक्के, २०२८-२९ ला साठ. आज हे बाटल्या-डब्यांना आहे. पंपाच्या टाकीलाही येईल असं धरून चाला, हा माझा आग्रह. पाइप, ठिबक आणि चटईच्या या गावात रिसायकल दाणा म्हणजे काय हे कुणाला शिकवायचं? एमएफआय, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक किती सहज वाहतं त्याचं माप, वाढला की ब्लो मोल्डिंगमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या गरम नळीत हवा फुंकून टाकी बनवताना, ती नळी स्वतःच्याच वजनानं खाली लोंबते आणि टाकीची भिंत वरच्या बाजूला पातळ पडते. हे मशीनवरच्या ऑपरेटरला कळतं, डिझाइनच्या खोलीत कळत नाही, कारण त्या दोन खोल्यांमधलं दार बंद असतं. भिंतीची जाडी ठरवताना ऑपरेटरला टेबलावर बसवा. नवा साचा करताना बदलणारी जागा वेगळ्या इन्सर्टमध्ये, म्हणजे साच्यात बसणाऱ्या सुट्या तुकड्यात, घ्या, म्हणजे पुढं इन्सर्ट बदलायचा, साचा नाही. थोडा खर्च आधी वाढतो, तो वाढू द्या.

एआय. मुलं विचारतात, आमची नोकरी जाईल का? एका दुपारी शंभर आकार काढून देणारं साधन आलंय, ते जरूर शिका. हिरवा कोणता घ्यायचा हे ते सांगेलही. पण अमळनेरच्या दुकानातलं ते थर्माकोल कुणी फोटो काढून, लिहून ठेवलं नाही, तर त्या साधनाला कुठून कळणार? आपल्याकडं परत आलेल्या मालाची नोंद "खराब" या एका शब्दात होते. काय मोडलं, कुठं मोडलं, कुणी कसं दुरुस्त केलं, हे लिहिणारा माणूस टीममध्ये हवा, आणि त्याचा पगार कॉम्प्युटरवर डिझाइन काढणाऱ्या कॅडवाल्याइतकाच हवा. बायका फवारणीच्या कामात किती असतात आणि पट्ट्याचं माप कुणाच्या खांद्यावर घेतलं जातं, हाही त्याच वहीतला विषय. ड्रोनचं आज राहू द्या, ते वेगळं व्याख्यान आहे.

बेल झाली. शेवटचं एवढंच. एमआयडीसीतल्या मालकांनी परत आलेला माल भंगारात देण्याआधी आमच्याकडं पाठवावा, तो कापून-उघडून त्याची नोंद करून परत देऊ, पैसे नकोत. इंजिनिअरिंगच्या मुलांपैकी ज्यांना ऑगस्टमध्ये फवारणीच्या दिवसांत बाजारात दुरुस्तीच्या दुकानी बसायची तयारी आहे, त्यांनी दाराशी ठेवलेल्या वहीत नाव लिहावं. अहिराणी येणारे दोघं-तिघं तरी हवेतच.