बुंध्यापाशी थांबलेलं पाणी

हे झाड बघा. शेंडे वाळलेत, पानं पिवळी पडलीत, आणि फळं मात्र लगडून आलीत. जालन्याकडचा जुना बागवान या बहाराला भुलत नाही. मोसंबी मरताना अशीच लागते.

तो वाकून बुंधा बघतो. साल तडकलेली, तिच्यातून डिंक ओघळलेला. माती उकरून तंतुमुळं चिमटीत धरली, की त्यांची साल सुटून बोटांत येते.

हा डिंक्या रोग. तो आणणारा जीव फायटोप्थोरा, म्हणजे ग्रीक भाषेत झाडांचा नाश करणारा. बोलताना आपण त्याला बुरशी म्हणतो, पण जवळचं नातं शेवाळाशी. त्याचे बीजाणू चक्क पोहतात. आळ्यात पाणी साचलं, की मुळापर्यंत वाट मोकळी.

2012-13च्या दुष्काळात इथल्या लोकांनी टँकरच्या पाण्यावर बागा जगवल्या. झाड पाण्यावाचून मरतं, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. पाण्यानंही मरतं, हे पटवायला मात्र वेळ लागतो.

याच जातकुळीतला एक जीव अमेरिकेत ऑरेगॉनच्या जंगलात पोर्ट ऑरफर्ड सीडर हे सूचिपर्णी वृक्ष मारतो. गाड्यांच्या चाकांना लागलेल्या चिखलातून तो पसरतो. म्हणून तिथं ओल्या दिवसांत जंगलातले काही रस्तेच बंद ठेवतात, आणि रोगाला टिकणारी रोपं निवडून लावतात.

इथं सुरुवात फावड्यानं. बुंध्याला मातीची भर, पाणी बाहेरच्या आळ्यात, उताराला चर. डिंकाळलेली साल चाकूनं खरवडायची आणि वर बोर्डो मलम: 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. लोखंडी भांडं नको. पावसाळ्याआधी एक हात, नंतर एक. ते निळसर बुंधे दिसताहेत ना, ते त्याचेच.

नांग्या, म्हणजे मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा, भरताना घाई नडते. जुन्या मुळ्या वेचायच्या, खड्डा उन्हाळाभर तापू द्यायचा. कलम रंगपूर लिंबाच्या खुंटावरचं, म्हणजे खालचा मुळाचा भाग त्या लिंबाचा असलेलं, घ्यायचं. डिंक्यापुढे जंबेरी लिंबाच्या खुंटापेक्षा तो चिवट. डोळा, म्हणजे खुंटावर मोसंबी जोडली ती जागा, जमिनीपासून वीतभर वर हवा. तो मातीत गाडला गेला, तर खुंट निवडून उपयोग काय?

या रोपाला फळ धरायला अजून चार-पाच वर्षं आहेत. शेजारची ओळ आता, हिवाळा संपताना फुलणाऱ्या आंबे बहारासाठी, ताणावर सोडायची आहे, म्हणजे तिचं पाणी तोडायचं आहे.