शेवटच्या चेंबरच्या पलीकडे

(पुण्यातील वास्तुविशारद, विकासक आणि तरुण स्थापत्य अभियंते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, एखाद्या व्यापारी संकुलाचा प्रस्ताव तांत्रिक छाननीसाठी येतो, तेव्हा त्याच्यासोबत नकाशांचा भलामोठा गठ्ठा असतो. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, पावसाळी पाण्याचा निचरा, वीज, अग्निशमन, प्रत्येकाचा नकाशा वेगळा आणि प्रत्येक वाहिनीचा रंग वेगळा. पण या साऱ्या रेषा एकाच ठिकाणी थांबतात, ते म्हणजे भूखंडाच्या हद्दीजवळचे शेवटचे चेंबर, वाहिनी तपासण्यासाठी ठेवलेला झाकणाचा खड्डा. तिथे रस्त्याच्या दिशेने एक बाण काढलेला असतो आणि त्यावर ‘महापालिकेच्या वाहिनीकडे’ एवढेच लिहिलेले असते. आज मला बोलायचे आहे ते या बाणाबद्दल. आपली बहुतेक छाननी त्या बाणाच्या अलीकडे होते, आणि पावसाळ्यात होणारे बहुतेक नुकसान त्याच्या पलीकडे ठरलेले असते. म्हणून छाननीची सुरुवातच हद्दीबाहेरून झाली पाहिजे, आणि तीही इमारतीचा आराखडा कायम होण्याच्या आधी, असे माझे ठाम मत आहे.

पुण्याची जमीन मुळातच उताराची आहे. दक्षिणेला कात्रजचे डोंगर, पश्चिमेला सिंहगड आणि बावधनच्या रांगा, आणि या सगळ्यांवरून निघालेले ओढे मुळा-मुठेकडे धावतात. आंबिल ओढा कात्रजकडून शहराच्या मध्यातून मुठेला मिळतो, रामनदी बावधन-पाषाणवरून मुळेकडे जाते, भैरोबा नाला कोंढवा-वानवडीच्या बाजूचे पाणी आणतो. गेल्या काही दशकांत शहर वाढले ते याच ओढ्यांच्या पाणलोटात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. त्या रात्री ओढ्याकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले, सीमाभिंती कोसळल्या आणि अनेकांचे जीव गेले. ते पाणी काही तिथल्याच अंगणांत पडलेले नव्हते, ते वरून आले होते. भूखंडाची हद्द ही महसुली नोंद आहे आणि पाणी पातळी पाहून वाहते, हे विसरून केलेला निचऱ्याचा आराखडा कागदावर कितीही नेटका असला तरी अपुराच राहतो.

त्यामुळे छाननी करणाऱ्याने पहिली मागणी करावी ती हद्दीबाहेरच्या पातळ्यांची. भूखंडाच्या वरच्या अंगाला जमीन किती पसरली आहे, तिथले पाणी आज कुठून आत येते आणि कुठून बाहेर पडते, हे सर्वेक्षणात दिसले पाहिजे. अनेक भूखंडांत वर्षातले आठ महिने कोरडी असणारी एक उथळ घळ असते. भराव टाकताना ती बुजते आणि तिच्या आडवी सहा फुटांची भिंत उभी राहते. भिंतीच्या वरच्या बाजूला पाणी साठू लागले की मातीच्या दाबात पाण्याचा दाब मिळतो. भिंत तेवढ्यासाठी संकल्पित केलेली नसते, आणि मग ती खालच्या वस्तीवर कोसळते. वरून येणाऱ्या पाण्याला वाट देणे ही शेजाऱ्यावर केलेली मेहेरबानी नव्हे, तो संकल्पनाचाच, म्हणजे डिझाइनचाच, भाग आहे.

आता आपल्या भूखंडावर पडणाऱ्या पावसाकडे येऊ. हिशेब अवघड नाही. अपधावाचा गुणांक, म्हणजे पडलेल्या पावसापैकी न मुरता वाहून जाणारा वाटा, पावसाची तीव्रता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार केला की प्रवाह मिळतो. दोन हेक्टरचा भूखंड घ्या. आज तिथे गवत आणि मुरूम आहे, गुणांक ०.३ धरू. ताशी ६० मिलिमीटर तीव्रतेच्या पावसात तिथून सेकंदाला सुमारे १०० लिटर पाणी बाहेर पडेल. उद्या तिथे इमारत, पोडियम म्हणजे इमारतीभोवतीचा पक्का चौथरा, आणि पेव्हर ब्लॉकचे वाहनतळ झाले की गुणांक ०.८५ होतो, आणि त्याच पावसात सेकंदाला सुमारे २८० लिटर पाणी बाहेर येते. रस्त्याखालची पावसाळी वाहिनी ४५० मिलिमीटर व्यासाची असेल आणि तिला २०० मीटरला एक मीटर उतार असेल, तर पूर्ण भरून वाहतानाही ती सेकंदाला साधारण २०० लिटरच नेऊ शकते. म्हणजे कालपर्यंत अर्धी रिकामी वाहणारी वाहिनी आपल्या एकट्या प्रकल्पाने ओसंडून वाहील, आणि त्या रस्त्यावरचे बाकीचे भूखंड तर अजून बांधायचे आहेत. शिवाय फरसबंदीवरून पाणी लवकर गोळा होते, त्यामुळे हिशेब थोड्या वेळाच्या पण जोरदार सरीचा करावा लागतो आणि संकल्पनासाठी धरायची पावसाची तीव्रताही वाढते. हा दुसरा परिणाम हिशेबात बऱ्याचदा घेतलेलाच नसतो.

यावर उपाय आहे, आणि तो भूखंडातच करायचा आहे. बांधकामापूर्वी जेवढे पाणी बाहेर जात होते तेवढेच पुढेही जाईल असे तोंड ठेवायचे, आणि त्याहून जास्तीचे पाणी टाकीत रोखून नंतर हळूहळू सोडायचे. वरच्या उदाहरणात अर्ध्या तासाच्या सरीसाठी ढोबळमानाने ३३० घनमीटर साठवण लागेल. ही टाकी वर्षाजल साठवणाच्या टाकीहून वेगळी असली पाहिजे, कारण पाणी वापरासाठी साठवणारी टाकी भरलेली ठेवायची असते आणि पूर रोखणारी टाकी रिकामी. दोन्ही कामे एकाच टाकीवर दाखवलेली मी अनेक नकाशांत पाहतो, आणि अशा नकाशाला मान्यता देऊ नये असे मला मनापासून वाटते.

त्यानंतरचा प्रश्न वाहिनीच्या तोंडाचा. आपण उतार काढतो, व्यास आणि उतारावरून प्रवाह देणाऱ्या मॅनिंगच्या सूत्राने क्षमता काढतो आणि तोंडापाशी पाणी मोकळेपणाने पडेल असे गृहीत धरतो. पण ज्या ओढ्यात ते पडायचे, तो ओढा त्याच वेळी तुडुंब भरलेला असतो. ओढ्याची पातळी तोंडाच्या वर गेली की वाहिनीचा खरा उतार तळाच्या रेषेने ठरत नाही, दोन टोकांच्या पाण्याच्या पातळ्यांमधल्या फरकाने ठरतो. तो फरक कमी झाला की क्षमता घटते, आणि ओढ्याची पातळी भूखंडातल्या चेंबरच्या झाकणाहून वर गेली की पाणी उलटे आत येते. एकाच दिशेने उघडणारी झडप बसवली तर ओढ्याचे पाणी आत येत नाही, पण आतलेही बाहेर जात नाही. तेवढा वेळ आतले पाणी कुठे राहणार, याचे उत्तर नकाशात असावे लागते. नदीकाठच्या भूखंडांना यात आणखी एक घटक जोडला जातो, तो म्हणजे खडकवासला धरणातून मुठेत होणारा विसर्ग. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले, त्यात मुठेत सोडलेल्या पाण्याचा मोठा वाटा होता. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते. बांधकामाची परवानगी मिळते की नाही एवढ्यापुरतेच आपण या रेषांकडे पाहतो. वास्तविक त्या पातळ्यांचे आकडे घेऊन तळघराच्या रॅम्पचा माथा, वाहिनीचे तोंड आणि विजेच्या खोलीची जमीन ठरवली पाहिजे.

मैलापाण्याच्या बाबतीत प्रश्न पातळीचाच आहे, पण इथे चुका सेंटिमीटरच्या असतात. समजा, इमारतीच्या पहिल्या चेंबरचा तळ जमिनीखाली ०.९ मीटरवर आहे. तिथून रस्त्यापर्यंत १८० मीटर लांबी आहे आणि दीडशेला एक उतार दिला आहे. म्हणजे १.२ मीटर खाली उतरावे लागते आणि सपाट भूखंडावर शेवटच्या चेंबरचा तळ २.१ मीटर खोल जातो. आता रस्त्यावरच्या महापालिकेच्या चेंबरचे झाकण उघडून मोजले आणि त्याचा तळ त्याच जमिनीच्या पातळीपासून १.८ मीटरवरच निघाला, तर ३० सेंटिमीटरचा फरक पडतो. हा फरक आराखड्याच्या वेळी कळला तर जोत्याची पातळी थोडी वर घेता येते किंवा वाहिनीचा मार्ग बदलता येतो. पाया भरल्यावर कळला तर पंप बसवावा लागतो, आणि मग इमारत उभी असेपर्यंत त्या पंपाचे वीजबिल, जनरेटरची जोडणी आणि देखभाल आलीच. उतार हवा तसा कमी करून हा प्रश्न सुटत नाही, कारण मैलवाहिनीत सेकंदाला किमान ०.६ मीटर वेग मिळाला नाही तर गाळ बसतो आणि वाहिनी तुंबते. जुन्या पुण्यात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणलेले पेशवेकालीन नळ केवळ उताराच्या बळावर चालत होते, इतक्या काटेकोरपणे तेव्हा पातळ्या साधलेल्या होत्या. आपल्या हाती आज कितीतरी अचूक उपकरणे आहेत, तरी रस्त्यावरचे एक झाकण उघडून मोजण्याचा कंटाळा होतो, याचे मला वाईट वाटते.

पाण्याच्या मागणीत एक गोष्ट नेहमी लपून राहते. कार्यालयांसाठी माणशी दररोज ४५ लिटर हे प्रमाण सर्वांना पाठ आहे. ३,००० माणसे असतील तर १,३५,००० लिटर, इथवर सारे ठीक. पण त्याच इमारतीची वातानुकूलन यंत्रणा पाण्याने थंड होणारी असेल, तर थंड करण्याच्या क्षमतेच्या एका टनामागे (हे वजन नव्हे, वातानुकूलनाचे एकक) ताशी साधारण साडेसहा लिटर पाणी नुसते वाफ होऊन उडून जाते. ६०० टनांची यंत्रणा दिवसाला दहा तास पूर्ण भाराने चालली तर जवळपास ४०,००० लिटर झाले, आणि यंत्रणेचे गरम पाणी थंड करणाऱ्या कुलिंग टॉवरमधून क्षार काढण्यासाठी सोडायचे पाणी वेगळेच. हे पाणी सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पातून मिळेल असे अहवालात लिहिलेले असते, ते योग्यही आहे, मात्र त्यासाठी प्रक्रिया त्या दर्जाची हवी. फूड कोर्टचे तेलकट पाणी ग्रीस ट्रॅपमधून, म्हणजे तेल वेगळे करणाऱ्या टाकीतून, न जाता थेट टाकीत आले, तर त्या प्रकल्पातले जिवाणू तग धरत नाहीत. आणि पाण्याचा ताळेबंद मे महिन्याचा असतो तसाच जुलै महिन्याचाही मागावा. जुलैत बागेला पाणी लागत नाही, हवा दमट असते, वातानुकूलनाची मागणी घटते, आणि प्रक्रिया केलेले जादा पाणी नेमक्या भर पावसात शहराच्या वाहिनीत येऊन पडते.

पुण्याखालचा खडक हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षिलेला भाग आहे. वर थोडी काळी किंवा भरावाची माती, मग मुरूम, आणि त्याखाली बेसाल्ट. मुरुमातून पाणी झिरपते, घट्ट काळा पाषाण लागला की अडते आणि त्याच्या माथ्यावरून आडवे सरकते. मे महिन्यात घेतलेली झिरप चाचणी फार चांगले आकडे देते, कारण तेव्हा मुरूम कोरडा असतो. ऑगस्टमध्ये तोच थर पाण्याने भरलेला असतो आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्यासाठी घेतलेला पुनर्भरणाचा खड्डा तलावासारखा भरून उभा राहतो. असा खड्डा तळघराच्या भिंतीपासून चार पावलांवर घेतला, तर मुरवलेले पाणी तळघरातच येणार. भरीला तळघराच्या तळाखाली साठणाऱ्या पाण्याचा वरच्या दिशेने दाब असतो, एक मीटर उंचीच्या पाण्यामागे प्रत्येक चौरस मीटरला एक टन. वर मजले चढण्यापूर्वी, नुसते तळघर उभे असताना, हा दाब राफ्ट, म्हणजे तळघराखालचा पायाचा सलग काँक्रीट थर, उचलू शकतो. त्यामुळे भूजलाची पातळी पावसाळ्यात मोजलेली असावी, आणि पुनर्भरणाचे ठिकाण भूगर्भतज्ज्ञाने दाखवावे. नकाशात मोकळा कोपरा उरला म्हणून तिथे खड्डा घेऊ नये.

विजेबद्दल थोडक्यात सांगतो. उच्चदाबाची जोडणी, ट्रान्सफॉर्मर, मुख्य पॅनेल आणि जनरेटर यांपैकी काहीही सर्वांत खालच्या तळघरात नको. पाणी उपसणारे पंप ज्या पॅनेलवर चालतात तेच पॅनेल आधी पाण्यात गेले, तर पंपांचा काही उपयोग उरत नाही. रस्त्यातल्या भूमिगत सेवांच्या नकाशांवर विसंबू नये, हाताने चाचणी खड्डे घेऊन केबल, गॅसची वाहिनी आणि जलवाहिनी प्रत्यक्ष पाहावी. पावसाळी चेंबरमधून आरपार नेलेल्या इंटरनेटच्या नळ्या हे आपल्या शहरातले नेहमीचे दृश्य आहे. त्या नळ्यांना प्लॅस्टिक आणि पालापाचोळा अडकतो, मागे गाळ बसतो, आणि ४५० मिलिमीटरच्या वाहिनीतून प्रत्यक्षात जाते ते तिच्या निम्मेही नाही. असे चेंबर आपल्या बाणाच्या पुढे आहे का, हे झाकण उघडल्याशिवाय कळणार नाही.

शेवटचा मुद्दा बांधकामाच्या काळाचा, कारण छाननीच्या अहवालांत त्याला जवळपास जागाच नसते. मोठ्या संकुलाचे काम दोन-तीन पावसाळे पाहते. पहिल्या पावसाळ्यात बहुधा दहा मीटर खोल खड्डा असतो, कडेला मातीचे ढीग असतात, आणि साठवण टाकी, झडप, पक्की वाहिनी यांतले काहीच तयार नसते. खड्ड्यात साठलेले गढूळ पाणी पंपाने उपसून रस्त्यावरच्या जाळीत सोडले जाते. त्यातला गाळ पुढच्या कल्व्हर्टमध्ये, म्हणजे रस्त्याखालच्या मोरीत, बसतो, आणि महापालिकेने जूनपूर्वी केलेली नालेसफाई जुलैतच वाया जाते. म्हणून प्रस्तावासोबत प्रत्येक पावसाळ्यासाठी वेगळा नकाशा मागवावा. ३१ मे रोजी खोदाई कुठवर आलेली असेल, उपसलेले पाणी आधी कोणत्या गाळटाकीत स्थिरावेल, ती टाकी किती दिवसांनी उपसली जाईल, मातीचे ढीग ओढ्यापासून किती दूर असतील, वरून येणाऱ्या पाण्यासाठी तात्पुरता चर कुठून जाईल आणि रात्री पाऊस वाढला तर जागेवर कोण हजर असेल, हे सारे त्या नकाशात नावानिशी आणि पातळीनिशी लिहिलेले असावे. हा नकाशा हाती येईपर्यंत खोदाईला परवानगी मिळू नये, अशी शिफारस छाननी करणाऱ्या अभियंत्याने आपल्या सहीने करावी.